बिल्जमधलं पाणी गोडं लागलं तेव्हा: कुपवाडात बनलेल्या बोटीच्या टाक्यांचं प्रकरण

आमची शेड कुपवाड एमआयडीसीत आहे. काम स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचं. दूध संघांच्या टाक्या, साखर कारखान्यांतलं किरकोळ पाइपिंग, तासगाव भागात बेदाण्यासाठी द्राक्षं द्रावणात बुडवून काढतात ते टब. समुद्र इथून पावणेदोनशे किलोमीटर, आणि मध्ये आंबा घाट. त्यामुळे दिवाळीनंतरच्या एका सकाळी साठी ओलांडलेले एक गृहस्थ येऊन "शिडाच्या बोटीसाठी पिण्याच्या पाण्याच्या टाक्या करून देता का?" म्हणाले, तेव्हा अण्णा मेस्त्रींनी वेल्डिंगचा शील्ड वर करून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. अण्णा आमचे आर्गॉन वेल्डर. वीस वर्षं दुधाच्या टाक्या जोडताहेत. "कृष्णेत चालवनार काय ओ?"

कृष्णेत नाही. बोट रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठी ओढून, टेकू लावून उभी होती. ३६ फुटी, फायबरची, पस्तीसेक वर्षं जुनी. गृहस्थ मूळचे मिरजेचे, मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले. पुढे सगळेच त्यांना कॅप्टन म्हणायला लागले, मीही इथे तेच म्हणतो. बोट त्यांनी जुनी घेतली होती आणि शिडापासून वायरिंगपर्यंत तिचा रिफिट, म्हणजे नव्याने दुरुस्ती-जोडणी, चालली होती. टाक्यांचं काम तिकडे कुणी नीट घेईना, म्हणून गावाकडे आले.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण पहिल्या भेटीत मी निदान चुकवलं होतं. त्याच निदानावर टाक्या केल्या असत्या तर त्या दिसायला झकास झाल्या असत्या आणि काही वर्षांत पुन्हा गळल्या असत्या.

गळती कशी कळली

बोटीच्या तळाशी, सगळ्यात खोल जागी, इकडचं तिकडचं पाणी साचतं. त्या खळग्याला बिल्ज म्हणतात. तिथे फ्लोटवर चालणारा पंप असतो. पाणी चढलं की तो आपोआप सुरू होतो. आदल्या हंगामात कॅप्टनचा पंप दिवसातून पाच-सहा वेळा चालायला लागला. त्यांनी बिल्जमध्ये बोट बुडवलं (बुडवली नव्हे, हाताचं) आणि जिभेला लावलं. खारट लागलं असतं तर तळाची कुठली तरी भोकं शोधावी लागली असती. लागलं गोडं. मग त्यांनी टाक्या दोन दिवस रिकाम्या ठेवल्या. पंप गप्प. भरल्या, तर पुन्हा सुरू.

शेडमध्ये येताना त्यांनी टाकीच्या तळाचा तळहाताएवढा तुकडा कापून आणला होता. दीड मिलिमीटरचा पत्रा, सुईच्या टोकाएवढी चार भोकं. लोहचुंबक चिकटत नव्हतं, पण त्याने एवढंच कळतं की माल ४०० सीरिजचा, म्हणजे चुंबक धरणाऱ्या स्टेनलेसचा, नाही. ३०४ आणि ३१६ या स्टेनलेसच्या नेहमीच्या दोन्ही जाती चुंबकाला दाद देत नाहीत. आमच्याकडे मॉली टेस्टची बाटली असते. पत्र्यावर थेंब टाकायचा, छोट्या बॅटरीच्या तारा लावायच्या, मॉलिब्डेनम असेल तर थेंबाचा रंग पालटतो. पालटला नाही. म्हणजे ३०४.

मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगून टाकलं: "तुमच्या टाकीत ३०४ वापरलंय. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला दाद देत नाही. वाइनवाले टाकीचा वरचा भाग ३१६ चा का मागतात? गंधकाच्या वाफा तिथे जमतात म्हणून. तुम्ही ३१६ एल टाका, विषय संपला."

कॅप्टन म्हणाले, "पण आत तर गोडं पाणीच होतं की हो. मीठ आलं कुठून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोट बघायला जायचं ठरलं.

टाकी उलटी केली

कोल्हापूर, मलकापूर, आंबा, साखरपा करत पोचायला पाच तास लागले. केबिनमध्ये दोन्ही बाजूंना झोपायच्या बर्थ, आणि प्रत्येक बर्थखाली एक लांबलचक टाकी. वरून ५०० मिमी रुंद, बोटीच्या पोटाचा बाक धरत खाली २५० मिमी, उंची ४००, लांबी १४५०. कागदावर २१७ लिटरची एक. अशा दोन.

टाकी बाहेर काढायची वाटच नव्हती. कारखान्यात आधी टाक्या बसवून मग वरून डेक चढवला असणार. जिन्याचं तोंड ५६० मिमी रुंद, आणि जिन्यावरून उतरल्यावर स्वयंपाकाचा ओटा असा आडवा येतो की वळायला ४३० मिमीच जागा. दीड मीटरची पेटी तिथे कशी वळणार? तिथेच कापावी लागणार. अण्णांनी ग्राइंडर काढला, तो मी परत पिशवीत ठेवायला लावला. आजूबाजूला फायबर, लाकूड, शेजारी डिझेलची टाकी, आणि ठिणगीतले लोखंडाचे कण जिथे पडतील तिथे गंजाचे डाग. जिगसॉला बारीक दातांचं पातं लावून, हळूहळू, घामाघूम होत दोन्ही टाक्यांचे तीन-तीन तुकडे केले. सबंध दिवस गेला.

पहिला तुकडा डेकवर आणून उलटा केला आणि माझ्या ३१६ च्या व्याख्यानातली हवा गेली.

आतला पत्रा लख्ख होता. तळाला थोडा चुन्याचा गाळ, बाकी जवळजवळ नव्यासारखा. बाहेरून मात्र तळावर दोन सरळ रेघांत तपकिरी ठिपके, बरोबर जिथे लाकडी आडव्या पट्ट्यांवर टाकी टेकली होती तिथे. आणि मधे जिथे खडखडाट होऊ नये म्हणून फोम कोंबला होता, तिथे ठिपक्यांचा सडा. फोम पिळला तर पाणी निघालं. कॅप्टननी त्याचीही चव घेतली. खारट.

टाकी आतून गळायला लागली नव्हती. बाहेरून खाल्ली गेली होती.

स्टेनलेस गंजत नाही, कारण त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, आणि ओरखडा पडला तरी तो थर हवेतल्या ऑक्सिजनवर पुन्हा धरतो. आमच्या धंद्यात याचा विचारच करावा लागत नाही. दुधाची टाकी पायांवर उभी असते, चहूबाजूंनी वारा, रोज धुतली जाते, वाळते. इथे ओला फोम पत्र्याला चिकटून. त्या फटीतला ऑक्सिजन संपला की नवा येत नाही, थर धरत नाही, खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड तिथेच साचत जातं, आतलं पाणी आम्लधर्मी होतं आणि पत्रा एका जागी टोकरायला लागतो. बोट कलली की बिल्जमधलं पाणी उसळून बर्थखाली जातं. फोमने ते वर्षानुवर्षं जपून ठेवलं होतं. अशा जागी ३१६ जास्त दिवस तग धरतो, एवढंच. तोही शेवटी जातोच.

परतीच्या वाटेवर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे पत्र्याचा गुना न्हाई. बैठकीचा हाय."

प्लास्टिकचा प्रश्न

कॅप्टनना प्लास्टिकच्या टाक्याही चालल्या असत्या, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ बोटींना त्याच योग्य. गंजण्याचा प्रश्न मुळातच मिटतो. पण तयार टाक्या चौकोनी येतात. आमच्या जागेचा छेद ०.१५ चौरस मीटर. त्यात २५० बाय ४०० ची चौकोनी टाकी बसवली तर ०.१० उरतो. तिसरा हिस्सा पाणी गेलं. बाक धरणारी टाकी रोटोमोल्डिंगने करायची तर एका बोटीसाठी साचा कोण करणार? पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) जाड शीट गरम हवेने जोडून टाक्या करणारे आमच्या भागात आहेत, तो पर्याय खरोखर विचारात घेण्यासारखा होता. दहा मिलिमीटरच्या भिंती थोडी जागा खातात आणि खालून सलग आधार मागतात, ही त्याची उणी बाजू. मी स्टीलवाला आहे, तेव्हा माझं मत त्या हिशेबाने घ्यावं.

३१६ एल ठरलं. ३०४ पेक्षा किलोमागे निम्म्याने तरी महाग पडतं. 'एल' म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत. वेल्डच्या शेजारचा पत्रा ४५० ते ८५० अंशांत तापतो तेव्हा कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि नेमकी वेल्डलगतची पट्टी दुबळी होते. कार्बनच कमी असेल तर ते टळतं. माल आल्यावर प्रत्येक शीटवर पुन्हा मॉलीचा थेंब टाकला. ३१६ च्या नावाखाली दुसरंच काहीतरी गळ्यात पडल्याचे अनुभव या धंद्यात सगळ्यांना आहेत.

दोनाच्या चार

दीड मीटरची टाकी पुन्हा आत जाणार नव्हती, म्हणून प्रत्येक बाजूला ७०० मिमीच्या दोन ठरल्या. प्रत्येकी १०५ लिटर, एकूण ४२०. आधीच्यापेक्षा १५ लिटर कमी. कॅप्टन याला नाखूश असतील असं वाटलं होतं, उलट ते खूश झाले. समुद्रात असताना एका बंदरात खराब पाणी भरलं गेलं आणि सगळं एकाच टाकीत असेल तर संपलं. हे सांगलीकराला समजावून सांगावं लागत नाही. गावभागात माझ्या बहिणीचं घर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांची जमिनीखालची टाकी पुराच्या गढूळ पाण्याने भरली आणि गच्चीवरच्या टाकीने दोन दिवस काढले.

पत्रा १४ गेजचा, म्हणजे दोन मिलिमीटर. एका टाकीला दीड चौरस मीटरच्या थोडा वर लागला, रिकामी टाकी जोडणी धरून २८ किलोच्या आसपास गेली. दोन माणसं उचलू शकतात, आणि केबिनमध्ये दोनच माणसं मावतात.

तळ आणि दोन्ही बाजू एकाच पत्र्यात वाकवून घेतल्या. जुन्या टाकीचा सांधा तळाच्या कोपऱ्यावरूनच गेला होता, म्हणजे जिथे ओल जास्त तिथेच वेल्ड. मध्ये एक आडवा पडदा, बाफल. १०५ किलो पाणी लाटेसरशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आपटायला लागलं तर सांधे महिन्यात सैल होतील. पडद्याचे खालचे कोपरे छाटले म्हणजे पाणी फिरतं, वरचे छाटले म्हणजे हवा. आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिमीचं हातभोक. दोन्ही कप्प्यांत कोपरापर्यंत हात गेला पाहिजे, नाहीतर ती टाकी कधीच धुतली जात नाही. हातभोकाला १० मिमी जाडीची रिंग आणि आरपार न जाणारे आटे. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपायची वाटच ठेवली नाही.

दुधाच्या टाकीला आम्ही सगळ्यात खाली निचऱ्याचं तोंड ठेवतो. इथे तळाला एकही भोक नाही. ओढायची नळी वरून आत सोडली, तळापासून १५ मिमी वर थांबवली. गाळ खाली राहतो, पंपात जात नाही.

वेल्डिंग करताना आतून आर्गॉन भरून ठेवावा लागतो. नाहीतर बाहेरून सांधा आरशासारखा आणि आतून काळा, फुटलेल्या लाहीसारखा खरबरीत, आणि तिथेच पुढे खायला सुरुवात. अण्णांना हे दुधामुळे पाठ आहे. नंतर पिकलिंग पेस्ट (वेल्डचा काळेपणा खाणारी आम्लाची पेस्ट) लावून, भरपूर पाण्याने धुऊन सगळे सांधे पांढरे करून घेतले. लोखंडावर चाललेला वायरब्रश त्या दिवसांत कुणी टेबलाजवळही आणला नाही.

फसलो कुठे

माप बिनचूक यावं म्हणून आम्ही सहा मिमी प्लायचा डमी केला होता. पहिल्याच फेरीत तो नेऊन जिन्यातून, ओट्याला वळसा घालून, बर्थखाली बसवून बघितला. ४३० च्या जागेतून ४०० ची पेटी बोटभर अंतराने गेली. आनंदाने परत आलो, एक टाकी पूर्ण केली आणि दुसऱ्या फेरीला घेऊन गेलो. नशीब, चारही केल्या नव्हत्या.

टाकी ओट्यापाशी अडली. आडवी, उभी, तिरकी, सगळं करून झालं. कॅप्टन बाहेर डेकवर शांतपणे चहा पीत बसले होते, ते जास्त बोचत होतं. मग अण्णांनी टेप लावला आणि हसायलाच लागले. प्लायच्या डमीला नळकांडी नव्हती. खऱ्या टाकीवर भरायचं, हवेचं आणि ओढायचं अशी तीन तोंडं ६० मिमी वर आलेली. ४०० चे ४६० झाले होते.

टाकी परत कुपवाडला. नळकांडी कापून त्या जागी आतून आटे असलेले हाफ कपलिंग बसवले, ते फक्त १५ मिमी वर येतात. बाकी एल्बो, नळ्या टाकी जागेवर गेल्यावर जोडायच्या. ४१५, म्हणजे जातं. पावणेदोनशे किलोमीटर जाऊन-येऊन एक अक्कल मिळाली: डमीला शेवटचा बोल्टसुद्धा लावावा. डिझेल माझ्या खिशातलं.

पाणी लावून बघणं

अण्णांची सवय म्हणजे सांध्यावर चुना फासून आतून रॉकेल लावायचं; बारीक भोक असेल तर चुन्यावर डाग उमटतो. पद्धत पक्की आहे, पण पिण्याच्या टाकीत रॉकेलचा वास किती महिने राहील याचा नेम नाही. दुसरा सल्ला आला कंप्रेसरचा. त्याला मी ठाम नकार दिला. दाबलेल्या हवेत ताकद साठून राहते, सांधा सुटला तर पत्रा उडतो. पाणी फक्त गळतं.

म्हणून टाकी काठोकाठ भरली, सगळी तोंडं बंद केली आणि एका तोंडाला दोन मीटर उंच पारदर्शक पाइप लावून तोही पाण्याने भरला. बोटीवर भरायचं तोंड डेकवर असतं, टाकीपासून साधारण मीटरभर वर. भरताना नळी डेकपर्यंत भरली की तेवढा दाब येणारच. आम्ही दुप्पट लावला. दोन मीटर पाण्याचा दाब ०.२ बार, ऐकायला काहीच नाही. पण तिरकी बाजू ०.३३ चौरस मीटरची आहे, म्हणजे तिच्यावर साडेसहाशे किलोंच्या वर भार. पत्रा किंचित फुगलेला हाताला कळत होता. रात्रभर ठेवलं. दुसऱ्या टाकीत एका रिंगच्या वेल्डला थेंब आला. तो घासून पुन्हा जोडला.

हवेची नळी बुजली आणि वरून जोरात पाणी भरलं तर टाकी अशीच फुगून फुटते. म्हणून ती १६ मिमीची, उंच वळसा घालून नेलेली, टोकाला झुरळं जाऊ नयेत अशी जाळी.

कॅप्टननी बिलातले शेवटचे वीस टक्के मात्र राखून ठेवले होते: बोट पाण्यात उतरल्यावर महिनाभर पंप गप्प राहिला तर. रास्त होतं.

बैठक

तिसऱ्या फेरीला सगळ्यात जास्त वेळ यावर गेला, आणि भांडणही यावरच झालं. कॅप्टनना खडखडाट नको होता, त्यांनी नवा फोम आणून ठेवला होता. रबरासारखा, महागाचा, पाणी न पिणारा. मी म्हणालो, फोम पाणी पीत नसेल, पण त्याच्या आणि पत्र्याच्या मधली फट पिते. अर्धा तास गेला. शेवटी जुन्या टाकीचा तुकडा अजून डेकवर पडला होता, तो अण्णांनी न बोलता त्यांच्यासमोर आणून ठेवला.

लाकडी पट्ट्या काढून घासल्या, इपॉक्सीचे तीन हात देऊन परत बसवल्या. टाकीच्या तळाला फायबरच्या सपाट पट्ट्या पॉलियुरेथेन सीलंटने चिकटवल्या, आणि सीलंट कडेपर्यंत भरून बाहेर आलेलं पुसून घेतलं, म्हणजे पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये फट म्हणून उरलीच नाही. आता टाकी टेकते ती या पट्ट्यांवर. पट्ट्यांच्या मध्ये बोटभर पोकळी, तिथून वारा जातो. टाकी हलू नये म्हणून वरून दोन पट्टे आणि कडेला ठोकळे. बोट कलते तेव्हा भरलेली टाकी सव्वाशे किलोंच्या पुढे असते. बर्थच्या फळीला दोन गोल भोकं पाडली, हवेसाठी. कॅप्टनना ती दिसायला आवडली नाहीत.

जोडणीत जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) एकही निपल वापरला नाही. चारही टाक्यांच्या नळ्या सिंकखाली एकत्र आणून प्रत्येकीला वेगळी तोटी. डावी-उजवी तोटी एकदम उघडी ठेवायची नाही, हे तिथेच मार्करने लिहून ठेवलं: शीड वाऱ्याने भरून बोट कलली की वरच्या बाजूचं पाणी गुपचूप खालच्या बाजूच्या टाकीत उतरतं आणि बोट आणखी कलते.

पहिल्यांदा धुताना पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, टाकीमागे १०५ मिली. म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम. काही तास ठेवायचं आणि संपूर्ण ओतून दोनदा धुवायचं. जुन्या मालकांसारखं दर वेळी "असू दे थोडं जास्त" म्हणून महिनोन्महिने क्लोरीन ठेवायचं नाही. ते स्टीलला मिठाइतकंच बाधतं.

बोट शिमग्यानंतर पाण्यात उतरली. पंधरा दिवस काही नाही. मग एका संध्याकाळी कॅप्टनचा फोन.

"पंप परत चालू झालाय."

माझ्या पोटात गोळा आला. "चव घेतलीत?"

"घेतली की. खारट."

बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यावरचं पॅकिंग सैल झालं होतं, तिथून समुद्र आत येत होता. मी फोन ठेवला. अण्णा कान देऊन ऐकत उभे होते.

"खारट म्हनले न्हवं? मग ऱ्हायलेलं बिल लावा की."

लावलं. चार दिवसांत पैसे आले.